चौथ्या नंबरचं कॉलेज

ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी बावीस वर्षं नोकरी करतोय, त्याचं नाव सांगणार नाही. अजून सहा वर्षं सर्व्हिस बाकी आहे. एवढंच सांगतो की ते दादरला आहे, फाटक मोठं आहे, आणि एका इंग्रजी साप्ताहिकाने छापलेल्या मुंबईच्या पंचवीस सर्वोत्तम कॉलेजांच्या यादीत यंदा आमचा नंबर चौथा आला. आदल्या वर्षी अकरावा होता. एका वर्षात सात पायऱ्या कशा चढलात, असं कुणी विचारलं की आमचे प्राचार्य 'टीमवर्क' म्हणतात. त्या टीममध्ये मी होतो, आणि काय वर्क केलं तेही मला माहीत आहे. पण ते पुढे सांगतो.

नायगावच्या बीडीडी चाळीत मला इतकी वर्षं 'पुस्तकवाला हितू' म्हणायचे. यादी आली आणि मी रातोरात 'हितेंद्र सर' झालो. लोक पोरांना घेऊन सल्ला विचारायला यायला लागले. मी सर नाही, मी पुस्तकांवर शिक्के मारतो. पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. मी शर्टाला इस्त्री करून घ्यायला लागलो होतो.

आणि मग माझी भाची आकांक्षा बारावी झाली.

आकांक्षा माझ्या मोठ्या बहिणीची, प्रितीताईची मुलगी. आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर राहते. पोरीला मार्क चांगले, त्यामुळे दोन कॉलेजांच्या मेरिट लिस्टमध्ये नाव लागलं. एक आमचं, चौथ्या नंबरचं. दुसरं परळचं, एका बंद गिरणीच्या भिंतीला लागून असलेलं, चाळीपासून चालत पंधरा मिनिटांवरचं, आणि पंचवीसच्या यादीत कुठेच नसलेलं. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत यांपैकी एका ठिकाणची सीट पक्की करायची होती. आकांक्षाला परळ हवं होतं. तिच्या वडिलांना चौथा नंबर हवा होता.

तिला संख्याशास्त्र शिकायचं होतं. मे महिन्यात परळच्या कॉलेजातल्या कुणा तळेकर मॅडमनी दहा दिवसांचा वर्ग घेतला होता, तिथे ही जाऊन आली आणि तेव्हापासून घरात कुणी 'नेहमी असंच होतं' म्हणालं की 'नेहमी म्हणजे किती वेळा?' असं विचारायला लागली. संख्याशास्त्र आमच्याकडेही आहे. म्हणजे माहितीपुस्तकात आहे. शिकवायला तासिका तत्त्वावर एक सर येतात, तेही आले तर.

शनिवारी दुपारी दोन वाजता बैठक भरली. खोलीत पंखा एक आणि माणसं पाच, म्हणून सगळे बाहेर पॅसेजमध्ये. जगदीशदाजी, म्हणजे आकांक्षाचे वडील, स्टुलावर बसले. दाजी बेस्टमध्ये एकतीस वर्षं कंडक्टर होते, आता रिटायर आहेत. छापील गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. ती यादी त्यांनी लॅमिनेट करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावली होती. आज ती काढून मांडीवर घेतली होती. त्यांची आई कमलाबाई दारात खुर्ची टाकून तांदूळ निवडत होती. आणि शेजारचा लवू परब, ज्याला बोलावलेलं नव्हतं, तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

"टॉपच्या ठिकाणी नाव लागलंय," दाजी म्हणाले. "लोक तरसतात. आणि ही म्हणते, नको."

"पप्पा, टॉपचं म्हणजे काय? कुणी मोजलं? काय मोजलं?"

"छापलंय ना इथे."

"पेपरात राशिभविष्य पण छापतात."

"ती अंधश्रद्धा," दाजी एकदम गरम झाले. "आपण ते मानत नाही. हे सायन्स आहे. टक्के दिलेत बघ, पॉइंटनंतर दोन आकडे."

लवूने गुडघ्यावर हात मारला. "माका एक सांग जगदीश, ह्यो नंबर दिल्यान कोणी?"

"एक्सपर्ट लोकांनी."

"आमच्या गावात भजनाची स्पर्धा होती. आठ बुवा इले. पहिलो, दुसरो, तिसरो, आणि रवलेल्या पाचांक उत्तेजनार्थ. रिकाम्या हातान कोण गेलो नाय. परीक्षक पण एक्सपर्टच होतो."

"लवू, तू गप बस. हितेंद्रला विचारू. तो तिथलाच माणूस आहे. सांग रे, आहे की नाही तुझं कॉलेज चौथं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रितीताई चहाचे कप घेऊन आली होती, तीही थांबली. मी घसा साफ केला. "तसं बघायला गेलं तर," एवढं म्हणालो आणि चहा घेतला. खूप गरम होता तरी घेतला.

"मामा," आकांक्षा म्हणाली, "तुझ्या लायब्ररीत पुस्तकं किती आहेत?"

या पोरीचं हेच चुकतं. नको तिथे बोट ठेवते.

"यादीत बावन्न हजार लिहिलंय," ती म्हणाली. "सहावीत असताना मी तुझ्याबरोबर आले होते. तेव्हा तू म्हणाला होतास, अठरा हजार."

माझ्यासमोर दोन रस्ते होते. 'त्यानंतर खूप खरेदी झाली' म्हणायचं आणि इस्त्रीचा शर्ट घालून सहा वर्षं सुखाने काढायची. किंवा खरं सांगायचं. पोरीच्या तीन वर्षांचा प्रश्न होता. तासिका तत्त्वावरचे ते सर माझ्या डोळ्यांसमोर आले, म्हणजे त्यांची रिकामी खुर्चीच आली. मी कप खाली ठेवला.

"अठरा हजार चारशे बारा," मी म्हणालो. "बाकीची मी वाढवली."

प्रितीताईने उरलेले कप खाली ठेवले. 

मग मी सगळं सांगितलं. साप्ताहिकाचा फॉर्म आला तेव्हा मी दाखल-नोंदवहीप्रमाणे खरा आकडा भरला होता. उपप्राचार्यांनी तो बघितला आणि म्हणाले, एवढीच? नीट मोजा. नीट मोजणं म्हणजे काय असतं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. मासिकाचा प्रत्येक अंक म्हणजे एक पुस्तक. जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे सोडले आणि प्रत्येक प्रश्नपत्रिका म्हणजे एक पुस्तक. चौदा वर्षांच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या रद्दीत टाकायच्या म्हणून कोपऱ्यात बांधून ठेवल्या होत्या, त्या संदर्भग्रंथ झाल्या. हरवलेली पुस्तकंही धरली, कारण हरवली म्हणजे कुठेतरी असणारच. बावन्न हजारांवर आलो तेव्हा उपप्राचार्य म्हणाले, बस, जास्त नको, संशय येईल.

लवू इतका हसला की त्याला ठसका लागला. प्रितीताईने त्याला पाणी दिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा चौथीत गेलो. मला खरंच लाज वाटत होती. बाहेरच्या लोकांची नाही, घरच्यांची.

दाजी मात्र शांत होते. त्यांनी यादी हातात फिरवली, विचार केला आणि म्हणाले, "बाकीच्यांनी वाढवली नसतील का?"

"म्हणजे?"

"तू वाढवलीस. तीन नंबरवाल्यांनी पण वाढवली असतील, पाचवाल्यांनी पण. सगळ्यांनीच वाढवून पाठवलं, तरी तुझं कॉलेज चौथंच आलं ना? मग नंबर बरोबरच आहे."

 बावीस वर्षं पुस्तकांत काढली, पण हा हिशेब मला कुठल्याच पुस्तकात दिसला नव्हता. आकांक्षाने मान हलवली. "पॉइंट आहे," ती म्हणाली. "सगळ्यांनी सारखंच वाढवलं असेल तर पॉइंट आहे." दाजींची छाती फुगली. आता संपलं, असं मला वाटलं.

पण तिने यादी मागून घेतली. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी छापलं होतं. तिने मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि मोठा करून वाचायला लागली. सुविधा, निकाल, ग्रंथालय यांचे टक्के होतेच. शेवटी होतं, नागरिकांच्या मनातली प्रतिमा, तीस टक्के. त्यासाठी मुंबईतल्या एकशे बारा नागरिकांची मतं घेतली. दादर आणि इतर तीन स्टेशनांच्या बाहेर.

"एकशे बारा," आकांक्षा म्हणाली. "एवढ्या मोठ्या मुंबईत. आणि तेही स्टेशनबाहेर दिसले ते."

"दादर स्टेशनबाहेर?" दाजींनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. "केव्हा?"

"गेल्या फेब्रुवारीत."

दाजींचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात एक निळं पेन होतं. गेले काही महिने मी ते रोज बघत होतो. त्यांनी ते काढलं आणि चष्मा वर करून त्यावरची अक्षरं वाचली. पेनावर त्याच साप्ताहिकाचं नाव होतं.

"पेन फुकट देत होते," दाजी म्हणाले.

लवू उठून उभाच राहिला. "म्हणजे तो एक्सपर्ट तूच?"

"एक पोरगी उन्हात उभी होती रे. म्हणाली, काका, दोन मिनिटं द्या. मुंबईतल्या चांगल्या पाच कॉलेजांची नावं सांगा, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत. मला कुठली माहीत असणार? आपण दहावी. ती बिचारी घामाने भिजली होती. म्हटलं, हिचं काम होऊ दे. आपल्या रूटवर जे जे स्टॉप कॉलेजांसमोर आहेत, ते म्हणून दाखवले."

आता प्रितीताईसुद्धा हसायला लागली. आम्ही सगळेच हसलो. ज्या यादीसाठी घरात आठ दिवस भांडण चाललं होतं, ती यादी काही अंशी आमच्याच बिल्डिंगमध्ये तयार झाली होती. पुस्तकं मी पुरवली होती आणि प्रतिमा दाजींनी.

एकटी आकांक्षा हसत नव्हती. ती बोटं मोजत होती.

"पण पप्पा, तुमच्या रूटवर मामाचं कॉलेज तिसरं येतं. तुम्ही पहिलं कुठलं सांगितलंत?"

"मामाचं."

"का?"

दाजी पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. मग म्हणाले, "त्या स्टॉपवर पोरं उतरायची ना. हातात वह्या, पुस्तकं. पोरी पण. नऊच्या गाडीला पंधरा-वीस तरी. कुणी पळत येत असलं तर मी घंटा मारायला उशीर करायचो, ड्रायव्हर शिव्या घालायचा. गाडी बरोबर फाटकासमोर थांबायची. आत मोठं झाड दिसायचं, पायऱ्या दिसायच्या. एकतीस वर्षं बघितलं. वाटायचं, आपलं एखादं पोर इथे उतरावं. बस. म्हणून पहिलं सांगितलं."

"आत कधी गेला नाहीत?" आकांक्षाने विचारलं.

"आत कशाला जाऊ? माझं काय काम?"

मी खाली बघत होतो. त्याच कॉलेजात मी बावीस वर्षं नोकरीला होतो. हा माणूस माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. तो रोज फाटकासमोरून जात होता, आणि मी एकदाही म्हणालो नव्हतो की दाजी, उतरा, आत या, एक चहा घेऊ. सुचलंच नव्हतं. पुस्तकं वाढवल्याची लाज वाटली त्याच्यापेक्षा या गोष्टीची जास्त वाटली.

"दाजी, आत्ता चला," मी म्हणालो. मग आठवलं की शनिवारी आमचं कॉलेज बाराला बंद होतं.

"माझं उघडं आहे," आकांक्षा म्हणाली. "पप्पा, तुम्ही एकदा आत येऊन बघा. मग तुम्ही सांगाल तिथे सीट पक्की करते. चौथा म्हणालात तर चौथा. मी एक शब्द बोलणार नाही."

 पोरीने सगळं पणाला लावलं होतं आणि तेही बापावर. दाजी उठले आणि शर्ट बदलायला आत गेले.

साडेतीनला आम्ही तिघं परळच्या कॉलेजच्या फाटकाशी पोचलो. फाटक कसलं, लोखंडी दार. दाजींनी बूट घातले होते, भांग पाडला होता. दाराशी ते थांबले. "तुम्ही दोघं या जाऊन," म्हणाले. "मी इथेच उभा राहतो."

वॉचमन डबा धूत होता. त्याने मान वर केली. "पालक ना? मग बाहेर काय करताय? जा आत, पहिला मजला."

इमारत म्हणजे अगदी साधी. लिफ्ट नाही, जिन्याचे कठडे तीन वेगवेगळ्या रंगांचे. सवयीने मी ग्रंथालयात डोकावलो. नऊ-दहा हजारांच्या वर पुस्तकं नसतील. पण टेबलावर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग होता, आणि त्यांचे कोपरे हाताळून हाताळून मऊ पडले होते. आमच्याकडे एवढा ढीग मी महिन्यातही बघत नाही. मला हेवा वाटला.

तळेकर मॅडम वर्गात एकट्याच बसून उशिराचा डबा खात होत्या. आकांक्षाने ओळख करून दिली. मॅडमनी दाजींना बसायला सांगितलं आणि विचारलं, "आपण काय करता?"

"रिटायर आहे. बेस्टमध्ये होतो. कंडक्टर."

मॅडमनी डब्याला झाकण लावलं. "मग मला एक सांगा. सकाळी नऊच्या गाडीतून सगळ्यात जास्त माणसं कुठे उतरायची?"

"कुठला वार?" दाजींनी विचारलं.

मॅडम हसल्या. त्यांनी फळ्याजवळचा खडू उचलला आणि दाजींच्या पुढे धरला. "लिहूनच दाखवा ना."

दाजींनी माझ्याकडे बघितलं, मग आकांक्षाकडे. उठले. खडू नवा होता, पहिली रेघ ओढताना मोडला. मग मात्र ते थांबले नाहीत. उभे वार लिहिले, आडवे स्टॉप. सोमवारी किती, शनिवारी किती. पगाराच्या आठवड्यात किती. गिरण्या चालू असताना सातच्या गाडीला पाय ठेवायला जागा नसायची, बंद पडल्यावर तीच गाडी मोकळी, आणि पुढे मॉल आले तेव्हा दहाची भरायला लागली. एक आकडा लिहिला आणि पुसला. "हा चुकला. शाळा सुरू असताना एवढे, सुट्टीत निम्मे."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"रोज रात्री डेपोत तिकिटांचा हिशेब द्यावा लागायचा. अंदाजाने सांगून चालायचं नाही."

"आम्ही हेच शिकवतो," मॅडम म्हणाल्या.

दाजींनी खडू खाली ठेवला नाही. तसेच उभे राहून म्हणाले, "मॅडम, मी एक चूक केली आहे." आणि त्या बाईंना पेनाची सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं, आता माझ्या टेलिफोन डिरेक्टऱ्याही सांगतात की काय. पण त्यांनी फक्त स्वतःचीच सांगितली.

मॅडम इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "एकशे बारांतले तुम्ही एक? अहो, मग तुमचं वजन जवळजवळ एक टक्का. एवढं मला माझ्या कॉलेजात नाही."

"तुमचा नंबर का नाही यादीत?"

"फॉर्मच भरला नाही. तो भरायला दोन माणसं आठ दिवस लागतात. आमच्याकडे माणसंच दोन आहेत, आणि त्या आठवड्यात परीक्षा होती."

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. आकांक्षा मोबाईल हातात घेऊन शेवटच्या बाकावर बसली होती. दोन्ही कॉलेजांची पानं उघडून ठेवली होती. सीट पक्की करायची तर ओटीपी वडिलांच्या फोनवर येणार होता, त्यामुळे तिला स्वतःहून काही करता येत नव्हतं. तिने बापाला हाक मारली नाही. नुसती बघत राहिली.

दाजींनी फळ्याकडे बघितलं. स्वतःचं अक्षर बघितलं. मग फोन काढला, चष्मा नीट केला आणि म्हणाले, "दाब. इथलंच दाब."

तिने दाबलं. फोन वाजला. दाजींनी एकेक आकडा मोठ्याने वाचला, सहाच्या सहा, मग तिने बरोबर टाकलाय की नाही ते स्वतः जाऊन तपासलं. पोरगी बापाला बिलगली आणि रडायला लागली. दाजींच्या हातातल्या खडूचे पांढरे ठसे तिच्या पाठीवर उमटले. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण मलाही तेच होत होतं.

घरी आलो तेव्हा लवू पॅसेजमध्येच होता. पण दाजी त्याच्याशी बोलायला थांबले नाहीत, थेट आईसमोर जाऊन उभे राहिले. कमलाबाईने सकाळपासून या विषयावर एक अक्षर काढलं नव्हतं. तिने मान वर केली.

"घेतलं कॉलेज?"

"घेतलं आई. परळचं."

"कितव्या नंबरचं?"

"नंबर नाही त्याला. पण आम्ही आत जाऊन आलो."

म्हातारीने त्यांच्याकडे निरखून बघितलं. बूट बघितले, शर्ट बघितला, बाहीवरचं पांढरं बघितलं.

"तुला आत सोडलं?"

"सोडलं ना," दाजी म्हणाले. "खडू दिला हातात."